वीस बटणांचा नेम

औषधाचा कोर्स आपण व्रतासारखा करायचा, असं नेमताईंनी ठरवलं आणि तिथूनच सगळ्याला सुरुवात झाली.

नेमताई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकदा धरलेला नेम त्या सोडत नाहीत, म्हणून इमारतीतल्या बायकांनी हे नाव ठेवलं. पुढे दूधवाला, इस्त्रीवाला आणि शेवटी खुद्द त्यांचे यजमानही (अर्थात माघारी) त्यांना नेमताईच म्हणू लागले. यजमान पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क. चौतीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची एकही रजा घेतली नाही, हे ते येईल त्याला सांगत. त्यामुळे घसा सुजून बोलती बंद झाली तरी दोन दिवस गळ्याला मफलर गुंडाळून ते कामावर गेलेच. मंगळवारी थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा नेमताईंनी त्यांना सकाळी सातलाच डॉक्टरांकडे नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली, मान हलवली आणि चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "दहा दिवसांचा कोर्स आहे. सकाळी एक, रात्री एक. मध्ये बारा तास हवेत. पोटात काहीतरी घालून मग. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही."

हेडक्लार्कांनी हे ऐकून सुस्कारा सोडला. नेमताईंचा चेहरा मात्र उजळला. ठरावीक दिवस, ठरावीक वेळ, खंड पडता कामा नये! हे तर व्रतच की! आणि व्रत म्हटलं की त्यांचा हात धरणारं कोण होतं?

औषधाच्या दुकानात बसणाऱ्या बाई चष्म्यावरून बघून बोलणाऱ्या. चिठ्ठी वाचून त्यांनी दोन स्ट्रिपा काउंटरवर ठेवल्या आणि किंमत सांगितली. ती ऐकताच हेडक्लार्कांनी मफलर सैल केला.

"एवढीच?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आत औषध आहे ना? की खडू?"

"जेनेरिक आहे. औषध तेच, फक्त खोक्याला झगमगाट नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीत औषधाचं नाव लिहिलंय ना? तेच नाव स्ट्रिपवर आहे. वाचून बघा."

हेडक्लार्कांनी एकेक अक्षर ताडून बघितलं. चौतीस वर्षं आवक-जावक बघितलेला माणूस तो. नाव जुळलं, किती मिलिग्रॅम तेही जुळलं, मुदत संपायला अजून दीड वर्ष होतं.

"कसली अ‍ॅलर्जी आहे का?" बाईंनी विचारलं.

"आहे ना. ऑडिटची."

"औषधाची विचारतेय. पूर्वी अशा कॅपसूलने अंगावर पुरळ आलंय, ओठ सुजलेत, दम लागलाय?"

"नाही."

"आत्ता तसं काही झालं तर मात्र पुढची घ्यायची नाही, तडक डॉक्टरांकडे जायचं. दुसरी औषधं काही चालू?"

"नाहीत हो," नेमताई मध्ये पडल्या. त्यांना त्यांचे महत्त्वाचे प्रश्न विचारायचे होते. "बाई, एखादी चुकलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या ना?"

"अजिबात नाही!" बाईंनी चष्मा काढला. "दुप्पट कधीच नाही. आठवलं की लगेच चुकलेली घ्यायची. पण पुढचीची वेळ जवळ आली असेल, तर गेली ती गेली."

"गेली ती गेली?" नेमताईंना धक्काच बसला. "मग प्रायश्चित्त कसं घ्यायचं?"

"औषधाला प्रायश्चित्त नसतं ताई. आणि दिवस मोजायचे असतील तर स्ट्रिपच मोजा. ती खोटं बोलत नाही."

नेमताईंनी मान डोलावली. पण स्ट्रिप मोजायची ही सूचना काही त्यांच्या मनाला भिडली नाही. त्यांची मोजण्याची पद्धत सासूबाईंपासून चालत आलेली होती. दोन वाट्या घ्यायच्या. एकीत जितकी आवर्तनं तितके मणी. एक आवर्तन झालं की एक मणी दुसऱ्या वाटीत. आणि मोजायची ती झालेल्यांची वाटी, उरलेल्यांची नाही. "उरलेलं मोजलं की मन दमतं गं," असं सासूबाई म्हणत. मणी सगळे नेमताईंच्या स्वतःच्या जपात गुंतलेले होते, म्हणून त्यांनी शिवणाच्या डब्यातून शर्टाची पांढरी बटणं काढली, मोजून वीस. वाट्या खिडकीपाशी शिवणाच्या डब्याशेजारी मांडल्या, कॅपसूल कोरड्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या आणि बरोबर आठ वाजता, नाश्ता झाल्यावर, पहिलं बटण सरकलं.

हा एवढा थाटमाट करायला आणखी एक कारण होतं. दुसऱ्या गावी त्यांच्या लेकीला मुलगी झाली होती. पहिलीच नात, तीन आठवड्यांची. दोघांची तिकिटं पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारची, म्हणजे कोर्स संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची. बाबांच्या घशाचं कळल्यावर लेकीने फोनवर बजावलं होतं, "आई, बाबांचा कोर्स पूर्ण झाल्याशिवाय दोघंही इकडे पाऊल टाकू नका. एक डोस जरी चुकला तरी मला सांगायचं. मग डॉक्टरांना विचारून ठरवू, तिकिटं बदलावी लागली तरी चालतील."

"माझ्या हातून खंड?" नेमताई हसल्या होत्या. "तू निश्चिंत राहा. तुझी आई कोण आहे!"

तीन दिवसांत घशाची सूज उतरली. चौथ्या दिवशी सकाळी हेडक्लार्क आरशात तोंड वासून म्हणाले, "ठणठणीत! अगं, आता उरलेल्या जपून ठेवू. हिवाळ्यात परत धरला घसा तर होतील."

नेमताईंनी बशीत कॅपसूल आणि पाण्याचा पेला समोर ठेवला. "तिसऱ्या दिवशी मन प्रसन्न झालं म्हणून कोणी अकरा दिवसांचं व्रत सोडतं का?"

"पण मला बरं वाटतंय ना!"

"तुम्हाला वाटतंय. त्या जंतूंना विचारलंत? अर्धमेले असतील आत. त्यांना हिवाळ्यापर्यंत जपून ठेवायचंय का?"

हेडक्लार्कांनी गिळली. (लग्नानंतर त्यांनी बरंच काही गिळलं होतं, त्यात ही सगळ्यात सोपी.) त्याच दिवशी कचेरीतल्या टायपिस्टबाई खोकल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मलाही एक आणा की." संध्याकाळी हेडक्लार्कांनी हे घरी सांगितलं, तर नेमताईंनी निरोप धाडला: "तुमचा खोकला वेगळा, तुमचा डॉक्टर वेगळा. दुसऱ्याच्या व्रताचं फळ असं उसनं मिळत नाही." टायपिस्टबाई दोन दिवस रुसल्या.

सहावा दिवस रविवार. संध्याकाळी खिडकीपाशी बसून नेमताईंचा जप चालू होता. ओठ जपात, हात शिवणात. यजमानांच्या सोमवारच्या शर्टाचं गळ्याचं बटण निघालं होतं, ते त्यांनी तिथल्या तिथे लावून टाकलं, दोरा दातांनी तोडला आणि रात्री आठला बारावं बटण मोठ्या समाधानाने दुसऱ्या वाटीत टाकलं.

आणि मग सोमवार उजाडला.

सोमवारी सूर्योदयापासून दुपारी बारापर्यंत नेमताईंचं मौन असे. एकोणीस वर्षं! एकाही सोमवारी खंड नाही. मौनात दूध उतू गेलं होतं, मौनात एकदा नळ निसटून स्वयंपाकघराचं तळं झालं होतं, आणि एका सोमवारी हेडक्लार्क एका पायात काळा आणि दुसऱ्या पायात तपकिरी बूट घालून कचेरीला निघाले, तेही नेमताईंनी दारात उभं राहून, डोळ्यांत पाणी आणून, पण एक अक्षर न बोलता पाहिलं होतं. पाचव्या वर्षी त्यांनी नेम आणखी कडक केला. लिहून दाखवणं म्हणजे हाताने बोलणंच, म्हणून तेही बंद. खुणा तेवढ्या चालत. लेकीच्या बाळंतपणासाठी हेच मौन त्यांनी देवाच्या पायाशी ठेवलं होतं, आणि सगळं सुखरूप झालं होतं.

सोमवारी त्या पहाटेपासून नऊपर्यंत पोथी वाचत, भिंतीकडे तोंड करून. म्हणून आदल्या रात्रीच त्यांनी यजमानांना तीनतीनदा बजावलं, "उद्या तुमची तुम्ही घ्यायची. खाऊन. आणि बटण सरकवायचं."

नऊला त्या उठल्या. हेडक्लार्क केव्हाच कामावर गेले होते. नेमताईंनी झालेल्यांची वाटी मोजली. बारा.

परत मोजली. वाटी उलटी करून मोजली. बाराच. तेरा हवी होती!

घेतली नाही! विसरले! आता कोर्सला खंड, म्हणजे लेकीला सांगणं आलं, डॉक्टरांना विचारणं आलं आणि कदाचित तिकिटं बदलणं आलं. तीन आठवड्यांची ती इवलीशी मूठ त्यांच्या डोळ्यांसमोर आली. औषधवाल्या बाईंचे शब्द आठवले. आठवलं की लगेच. रात्रीच्या आठला अजून अकरा तास होते. म्हणजे काही बिघडलं नव्हतं, फक्त लगेच गाठायला हवं होतं. फोन करावा, तर बोलायचं कसं? त्यांनी कपाटातून दोन्ही स्ट्रिपा घेतल्या, पिशवीत टाकल्या, पायांत चपला सरकवल्या आणि धूम ठोकली. चष्मा पोथीतच राहिला.

पाणीपुरवठा कार्यालय पायी पंधरा मिनिटांवर. नेमताई नवव्या मिनिटाला पोचल्या. लांबट हॉल, दोन्ही बाजूंना टेबलं, फायलींचे गठ्ठे, आणि टोकाला हेडक्लार्कांचं टेबल. शिपाई स्टुलावरून उठला.

"या वहिनी, बसा! साहेब, वहिनी आल्यात." मग आवाज खाली आणून तो टायपिस्टबाईंच्या कानाशी म्हणाला, "बिचाऱ्यांना बोलता येत नाही."

"माहितीये रे," टायपिस्टबाई कुजबुजल्या. "म्हणून तर साहेब इतके शांत."

(नेमताई कचेरीत यायच्या त्या वर्षाकाठी एकदोनदा, राहिलेला डबा द्यायला, आणि डबा राहायचा तो नेमका मौनाच्या सोमवारी. कचेरीचा झालेला हा समज हेडक्लार्कांनी एकोणीस वर्षांत एकदाही दूर केला नव्हता, हे नेमताईंना त्या क्षणी कळलं. त्याचं पुढे घरी काय झालं, ती गोष्ट वेगळी.)

नेमताईंनी टेबलापाशी जाऊन स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं.

"गळा?" हेडक्लार्क म्हणाले. मग त्यांचा हात कॉलरकडे गेला आणि चेहरा खुलला. "हो हो, छान बसलंय बटण! अगदी घट्ट! हे विचारायला एवढी आलीस?"

नेमताईंनी जोरजोरात मान हलवली. तोंड उघडून आत काहीतरी टाकल्याची खूण केली.

"वहिनींना भूक लागलीय," शिपाई म्हणाला.

"नाही रे, साहेबांचा डबा राहिलाय," टायपिस्टबाई म्हणाल्या.

नेमताईंनी आठ बोटं दाखवली, मग ती हवेत पुसून टाकली.

"आठ जण जेवायला येणार होते, ते रद्द?" पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी अंदाज केला. एव्हाना कामं थांबली होती. हॉलमधले सगळे अकरा जण हिरिरीने या कोड्यात उतरले होते. सोमवारच्या सकाळी एवढी करमणूक पाणीपुरवठ्यात कधी झाली नव्हती.

शेवटी नेमताईंनी दोन्ही स्ट्रिपा काढून टेबलावर आपटल्या.

"अच्छा, कॅपसूल!" हेडक्लार्क म्हणाले. "पण घेतली की मी सकाळी."

नेमताईंनी ठामपणे मान हलवली. नाही घेतलीत.

"घेतली गं. दोन घास खाऊन, आठला."

नेमताईंनी बोटांनी बारा दाखवले. तेरा नाहीत, बारा.

हेडक्लार्कांच्या चेहऱ्यावर हळूहळू शंका पसरू लागली. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांची आठवण आणि बायकोची मोजदाद यांची गाठ पडली की काय होतं, हे त्यांना पाठ होतं. एकदा तर दाढी केली असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि केलेली नव्हती.

"मग नसेन घेतली," ते म्हणाले. "कालचीच आठवत असेल. तू म्हणतेस ना? बस, झालं." आणि त्यांनी स्ट्रिपमधून एक कॅपसूल तळहातावर काढली, शिपायाने तत्परतेने पुढे केलेला पेला उचलला आणि आ वासला.

नेमताई समाधानाने बघत होत्या. चला, खंड पडला नाही. वर मौनही राहिलं. एकोणीस वर्षं आणि ही सकाळ! त्यांना स्वतःचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

तेवढ्यात हेडक्लार्क कॅपसूल ओठांपर्यंत नेऊन थांबले आणि जरा लाडात येऊन म्हणाले, "पण खरंच वाटलं होतं गं. पाणीसुद्धा कोमट करून घेतलं होतं. पातेल्याचा चटका बसला, हे बघ बोट."

बोटावर लाल वण होता. ताजा.

नेमताईंना दरदरून घाम फुटला. यांनी जन्मात कधी स्वतःसाठी पाणी गरम केलं नव्हतं. उगाच बोलायचं म्हणून हे असलं काही त्यांना सुचणंच शक्य नव्हतं. म्हणजे घेतली होती! मग वाटीत बारा कशी? ते कळत नव्हतं. पण चष्म्यावरून बघणाऱ्या बाई मात्र लख्ख आठवत होत्या. दुप्पट कधीच नाही. यांचा हात तर वर चाललाय. खूण करावी तर हे आता डोळे मिटून, मान मागे टाकून बसलेत. शिपाई कौतुकाने बघतोय. एका बाजूला एकोणीस वर्षं, आणि दुसऱ्या बाजूला हा आज्ञाधारक, उघडा आ.

"थांबा! गिळू नका!"

आवाज असा घुमला की कोपऱ्यातला पंखाही क्षणभर अडखळल्यासारखा वाटला. हेडक्लार्कांच्या हातातलं पाणी आवक रजिस्टरवर सांडलं. टायपिस्टबाई उभ्या राहिल्या. शिपायाने हात जोडले. "साहेब, वहिनींना वाचा आली!"

आता मौन कचेरीने धरलं होतं.

"कॅपसूल तळहातावरच ठेवा," नेमताई म्हणाल्या. मोडलंच आहे तर आता पुरतं काम करून घ्यावं, असा त्यांनी विचार केला. "आधी त्या स्ट्रिपा मोजा कोणीतरी. माझा चष्मा नाही."

टायपिस्टबाईंनी रुसवा विसरून स्ट्रिपा उचलल्या. "एक पूर्ण रिकामी. दहा गेल्या. दुसरीत सहा, आणि साहेबांच्या हातात एक. सात."

"विसांतून सात वजा," हेडक्लार्क म्हणाले, "तेरा. म्हणजे मी घेतली होती!" त्यांनी छाती फुगवली. स्वतःच्या बाजूने निकाल लागण्याची त्यांना सवय नव्हती. "आणि बटणही सरकवलं होतं. देवाशपथ!"

"मग तेरावं गेलं कुठे?" नेमताई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या. आणि बघता बघता त्यांची नजर यजमानांच्या गळ्याशी गेली. चष्मा नव्हता, तरी तेवढं दिसलं. पांढरं, चार भोकांचं, अगदी घट्ट बसलेलं. काल संध्याकाळी, ओठ जपात असताना, हाताने शिवणाच्या डब्याऐवजी शेजारची झालेल्यांची वाटी चाचपली होती.

त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू दाबायला, असं कचेरीला वाटलं. निम्मं ते खरंही होतं.

हातातली ती कॅपसूल कोरड्या डबीत घरी आली आणि रात्री आठला, जेवण झाल्यावर, चौदावी म्हणून पोटात गेली. त्यापुढे नेमताईंनी वाट्या उचलून ठेवल्या आणि चष्मा लावून स्ट्रिप मोजू लागल्या. औषधवाल्या बाईंना त्यांनी जाता जाता सगळं सांगितलं. बाई चष्मा काढून खो खो हसल्या. मग म्हणाल्या, "पण ओरडलात ना वेळेवर? बास."

मौन मोडल्याचं नेमताईंना दोन दिवस लागून राहिलं. मग बुधवारी दिवा लावताना त्यांनी देवाला नीट समजावून सांगितलं. एकोणीस वर्षं गप्प राहून तोंडून पहिला शब्द निघाला तो "थांबा" असा, आणि तो ज्याच्यासाठी निघाला तो थांबलाही. किती नवरे थांबतात? देव काही बोलला नाही, पण त्याचं तर कायमचंच मौन. त्यांना ते रुकारासारखं वाटलं. पुढच्या सोमवारपासून पहिल्यापासून मोजायला त्या मोकळ्या झाल्या.

गुरुवारी रात्री आठला विसावी कॅपसूल गेली. शुक्रवारी दोघं लेकीकडे.

दारातच लेकीने अडवलं. "हात धुवा आधी. आणि खरं सांगा, एकही डोस चुकला नाही ना?"

"वीसच्या वीस," हेडक्लार्क म्हणाले. "अकरा साक्षीदार आहेत. लेखी पाहिजे?"

"चुकेल कसा?" नेमताई ताठ मानेने म्हणाल्या. "मी होते ना मोजायला! एकेक डोस माझ्या नजरेखालून गेलाय. असा कोर्स करून दाखवावा कोणी!"

लेकीने कौतुकाने आईकडे बघितलं आणि बाळ आजोबांच्या हातात दिलं. ती एवढीशी पोर, डोळे अर्धे मिटलेले, तोंडाचा चंबू. आजोबांच्या छातीवर तिने डोकं टेकलं, मूठ उघडली, आणि हाताला लागलेलं तेच गळ्याचं बटण घट्ट पकडलं. नेमताईंचा ऊर भरून आला. त्या अलगद तिची बोटं सोडवायला पुढे झाल्या.

"असू दे, असू दे," हेडक्लार्क हळूच म्हणाले. "फक्त ओढून काढू देऊ नकोस हं. आपल्याकडे एक डोस कमी भरेल."